झटक्यांवरचं मीठ

कंपौंडर म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे बाटलीवर डिंकाने चिकटवलेली कातरलेली कागदाची पट्टी, एका वेळी किती औषध घ्यायचं त्याची खूण. दुसरी म्हणजे औषधात घातलेलं पाणी. पट्टीचा मला अभिमान आहे. माझ्या हातची पट्टी कधी वाकडी गेली नाही. पाण्याबद्दल एवढंच सांगतो की ते घालावंच लागतं, आणि किती घालायचं हे शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

निजामाच्या राज्यात हिंगोलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी नोकरीला होतो. गावाचं नाव लिहीत नाही. जवळा बाजारहून शिरड शहापूरच्या अंगाला जाणारी गाडीवाट दवाखान्यावरून जायची, एवढं पुरे. एक डॉक्टर, एक मी, आणि बाळंतपणासाठी रहमतबी नावाची दाई. रहमतबी अंगाने आडवी, जिभेने तिखट. गावातल्या निम्म्या लेकरांनी पहिलं तोंड तिचंच पाहिलेलं, त्यामुळे पाटलालाही ती अरेतुरे करायची.

माझ्या फळीवरची सगळ्यात मोठी बरणी मॅग सल्फची, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटची. काचेच्या चुऱ्यासारखे पांढरे खडे, चवीला कडूजहर. लोक त्याला जुलाबाचं मीठ म्हणत. जवळ्याच्या बाजारात मिरच्या विकणारा एक म्हातारा दर बाजाराला पोटभर भजी खायचा आणि परतताना पोट धरून माझ्या खिडकीशी उभा राहायचा.

"द्या साहेब तुमचं मीठ."

"भजी कमी खात जा की बाबा."

"भजी कमी खाल्ल्यावर तुमच्या मिठाला कोन इचारील?"

असे लोक रोज यायचे आणि दिवस बरा जायचा. पण मला लिहायचं आहे ते ह्याच मिठाच्या दुसऱ्या कामाबद्दल, आणि ते हसत लिहिता येईल असं वाटत नाही.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही बायकांना एक विकार होतो. पायांवर सूज असते, ती हातांवर आणि तोंडावर चढते. रक्ताचा दाब वाढतो. कपाळ ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पोटाच्या वरच्या भागात दुखतं. मग एकाएकी दातखीळ बसते, अंग ताठ होतं आणि झटके येऊ लागतात. पहिलटकरणींत हे जास्त. आणि एका बहिणीला झालेलं असेल तर दुसरीला होण्याची भीती अधिक.

आमच्या भागात सुजेला कुणी भीत नसे. बांगड्या मनगटात रुतल्या की आयाबाया कौतुकाने म्हणायच्या, "अंग कसं भरलंय बघा पोरीचं!" झटके आले की मात्र बाहेरचं लागलं असं ठरायचं. कांदा हुंगवायचे, पायताण हुंगवायचे, हातात लोखंड द्यायचे. झटक्यात हिरव्या बांगड्या फुटू नयेत म्हणून चारचौघी मनगटं दाबून धरायच्या. तेवढ्याने उतरलं नाही तर दवाखाना.

दवाखान्यात आम्ही तरी काय करत होतो? खोलीत अंधार करायचा, झोपेचं औषध द्यायचं, आणि पोट साफ व्हावं म्हणून, म्हणजे अंगातलं विष निघून जावं म्हणून, घोट गिळता येत असेल तर मॅग सल्फ पाजायचं. तेव्हाच्या डॉक्टरांची तीच रीत होती. एखादी वाचायची. पुष्कळ जायच्या.

रुक्मिणी अशीच गेली. शिरड शहापूरच्या बाजूच्या शेतकऱ्याची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सकाळी पहिला झटका आला आणि दुपारच्या आत बापाने गाडी आमच्या दारात आणली. दोन झटक्यांच्या मधे ती जरा सावध झाली तेव्हा मीच तिला मीठ पाजलं. तोंड वेडंवाकडं करून ती म्हणाली, "लई कडू हाय हो," आणि तरी तिने वाटी रिकामी केली. दिवेलागणीपर्यंत ती राहिली नाही. पोटातलंही गेलं.

आमच्या धंद्यात एक वाक्य होतं. रोगी दगावला की नातेवाइकांना सांगायचं, "फार उशीर केलात हो." कधी ते खरं असायचं. पुष्कळदा ते नुसतं दार लावून घेण्यासारखं असायचं. पुढचे प्रश्न येत नसत. रुक्मिणीच्या आईबापाला मी तेच वाक्य सांगितलं. डॉक्टर आत हात धूत होते आणि ते दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "उशीर केलात." बाप खाली बघत राहिला. आईने बापाकडे एकदा पाहिलं, आणि ती नजर मला तेव्हाही आवडली नव्हती.

काही वर्षांनी हैदराबादेतून शिकून आलेले एक तरुण डॉक्टर आमच्याकडे बदलून आले. आल्या आल्या त्यांनी मला पाणी ऊर्ध्वपातित करायला लावलं, त्यात बरणीतलं नव्हे, वेगळ्या मागवलेल्या डब्यातलं शुद्ध मॅग सल्फ विरघळवायला सांगितलं, गाळून, उकळत्या पाण्यात ठेवून बंद करायला लावलं. मी विचारलं, "साहेब, हे कशाला?"

"सुई में देने को. हामिला औरतों के झटकों पे." हामिला म्हणजे गरोदर.

मला वाटलं थट्टा करतायत. "पण साहेब, हे जुलाबाचं मीठ आहे."

ते हसले. "मुँह से गया तो पेट का, सुई से गया तो नसों का. चीज वही है मियाँ, रास्ता दूसरा है."

मग त्यांनी नीट समजावलं. तोंडाने घेतलेलं हे मीठ रक्तात फारसं उतरत नाही. आतड्यात पाणी ओढून घेतं आणि पोट मोकळं करतं. तेच सुईने खोल मांसात दिलं तर रक्तात जातं आणि मेंदूतली, नसांमधली खळबळ शांत करतं. कसं करतं हे पूर्णपणे कुणाला ठाऊक नाही, पण करतं. झटके येत असतील तर थांबवतं. आणि आलेले नसतील, पण येण्याच्या बेतात असतील, तर येऊ देत नाही. मूळ विकार मात्र त्याने जात नाही. त्याचा उपाय एकच, बाळंतपण. मीठ तोवर बाईला सांभाळतं.

ह्या औषधाचा धाक मात्र मोठा. जास्त झालं तर आधी गुडघा मुका होतो, मग श्वास मंदावतो. गुडघ्याच्या वाटीखाली हलका ठोका दिला की पाय आपोआप उडतो. तो उडत असेल, श्वास नीट चालला असेल आणि लघवी होत असेल तरच पुढची सुई. लघवीवाटेच हे मीठ अंगातून निघून जातं; ती अडली तर ते आत साठत जातं. उतारा म्हणून कॅल्शियमची कुपी ताटात तयार ठेवायची.

मी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर फळीसमोर उभा राहिलो. ती बरणी माझ्या हाताच्या अंतरावर होती, रुक्मिणी आतल्या खाटेवर असताना. कुणीतरी कुठेतरी हे आधीच शोधलेलं होतं, आणि आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी साधा कंपौंडर. हे माहीत असणं माझं काम नव्हतं असं लोक मला पुढे म्हणाले, आणि ते बरोबरही असेल. मला त्याने कधी बरं वाटलं नाही.

नव्या डॉक्टरांनी मला एक नियम घालून दिला. पहिलटकरीण आणि डोकेदुखी हे दोन शब्द एकत्र आले तर खिडकीतून पुडी द्यायची नाही. आधी बाई बघायची.

निजामाचं राज्य संपायला वर्ष-दोन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस, सकाळची कोवळी थंडी. एक पागोटेवाला माणूस खिडकीशी आला.

"डोस्क्याची पुडी द्या एक."

"कुणाला?"

"पोरीला. सासरहून माहेराला घेऊन चाललो. पहिलटकरीन हाय."

मी पुडी हातात धरूनच विचारलं, "कुठे आहे ती? आत आणा."

"ती न्हाई उतरत. ओटी भरून निघालेली लेक वाटंत दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवत न्हाई. तुमी पुडी द्या."

मी बाहेर आलो. गाडी दारात नव्हती. आवाराच्या पार टोकाला लिंबाखाली, तट्ट्याचं छप्पर असलेली. मागच्या बाजूने पाहिलं तर पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी जागीच थांबलो.

"वळखलं म्हना की कंपौंडरसाहेब," ती म्हणाली.

रुक्मिणीची आई. सखूबाई. खिडकीशी पागोट्याखाली मी बापाला ओळखलं नव्हतं, मारोतरावांना. आणि मांडीवरची ती धाकटी, कावेरी.

कावेरीचा चेहरा इतका सुजलेला होता की डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. मी पुडी दाखवून गाडीतला पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने हात पुढे केला. हात तांब्याच्या शेजारून गेला आणि हवेत राहिला. आईने ते पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी पुडी खिशात घातली आणि डॉक्टरांना आणायला पळालो.

डॉक्टरांनी दाब मोजला आणि लघवी तपासायला सांगितली. रहमतबीने गाडीला गोधड्यांचा आडोसा केला आणि लघवी आणून दिली. मी ती नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. अंड्यातला पांढरा भाग शिजतो तसा पांढरा दाट ढग तळापर्यंत उतरला. ह्या विकाराची ती पक्की खूण.

"झटके आये नहीं," डॉक्टर म्हणाले, "आने वाले हैं. अभी सुई दो, आने से पहले. और अंदर लाओ."

"आत न्हाई," सखूबाई म्हणाली. "तेवढं म्हनू नका. त्या खोलीत माझी एक लेक गेली."

म्हणजे उंबऱ्याची रीत पुढे केली होती, खरं कारण हे होतं. डॉक्टरांनी गाडीत वाकून पाहिलं: गोधड्यांमुळे अंधार, आत गवताची गादी, आसपास शांतता. "ठीक है. यहीं. अंधेरा भी है, गड़बड़ भी नहीं."

मारोतराव मधे आले. "झटके आले न्हाईत तर सुई काहून? न दुखता टोचायचं म्हंजी काय साहेब?"

"आणि कशाची सुई?" सखूबाईने विचारलं.

डॉक्टरांना मराठी समजायची, बोलता येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'विलायती औषध आहे' एवढं म्हणून निभावलं असतं. रोज आम्ही तसंच म्हणत होतो. पण त्या बाईला मी एकदा एक वाक्य सांगून मोकळा झालो होतो.

"मावशी, तेच मीठ आहे. रुक्मिणीला मी पाजलं होतं ते."

तिचा चेहरा आवळला. "त्येच? आन् पुन्हा त्येच?"

"तेव्हा तोंडाने दिलं. त्याचा ह्या विकारावर उपयोग होत नाही. सुईने द्यायला हवं होतं, ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. सुईने दिलं तर झटके यायच्या आधीच अडवतं."

"तवा तुमी म्हनले, उशीर केला. म्हनून तर आज नुस्तं डोस्कं दुखतंय तवाच गाडी थांबवली. माझं काळीज खात व्हतं."

"मावशी, ते खरं नव्हतं." मला वाटलं होतं त्याहून हे बोलणं सोपं गेलं, आणि त्याचीच मला नंतर लाज वाटली. "तुम्ही उशीर केला नव्हता. आमच्याकडेच द्यायला काही नव्हतं. मी उगाच बोललो."

मग मारोतराव म्हणाले, "काय म्हनले?"

"तुमचा उशीर नव्हता मारोतराव."

"त्या दिशी मी बैलं पाजायला नदीवर थांबलो व्हतो," ते मला नाही, बायकोला म्हणाले. "थांबलो नसतो तर बैलं पडली असती. तवापासून ही मला तेच ऐकवून राहिली. जेवताना, झोपताना, सनावाराला. नदी, नदी, नदी."

सखूबाई पदर तोंडाशी नेऊन हळूच म्हणाली, "लई बोलले मी तुमाला."

"राहू दे आता ते."

इतका वेळ गप्प पडलेली कावेरी आईच्या मांडीवरून बोलली. "आये, मला सकाळपासून दिसून न्हाई राहिलं. तू घाबरशील म्हनून बोलले न्हाई. तुझं तोंड बी दिसंना. द्या म्हना सुई."

सुई रहमतबीने दिली, मी भरून दिलेली. कमरेखाली खोल, दोन्ही बाजूंना. दुखतेच ती. कावेरीने आईचा हात चावला, पण ओरडली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज नको, हादरा नको, उजेड नको. हे ऐकून मारोतराव कुणी न सांगता उठले, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या, पागोट्याच्या सोग्यात गुंडाळल्या आणि बैलांना दूर नेऊन बांधलं.

थोड्या वेळाने कावेरी म्हणाली, "अंगातून ऊन ऊन वाहून राहिलंय." ते औषधाचंच लक्षण. मी डॉक्टरांना सांगितलं.

आमचं काम मग असं चाललं. मी गोधडीच्या बाहेर पाटावर, रहमतबी आत. परक्या पुरुषाने तिचा गुडघा बघणं शक्य नव्हतं, आणि डॉक्टरांना दवाखान्यात रांग होती. त्यामुळे मी बाहेरून विचारायचं आणि तिने आतून सांगायचं.

"रहमतबी, ठोका दे. गुडघा उडतो का?"

"उडतो."

"किती?"

"किती म्हंजी? काय गजाने मोजू? लाथ मारून राहिली मला!"

"श्वास?"

"चालू हाय. माझाच बंद पडायची पाळी आली ह्या गोधडीत. जरा पाणी दे रे भाऊ."

मला भीती वाटत होती ती दोन्हीकडून. सुई कमी पडली तर झटका, जास्त झाली तर श्वास. दुसऱ्या सुईच्या वेळेला रहमतबी म्हणाली, "आता बारीक उडून राहिला." मी डॉक्टरांना बोलावलं. ते गोधडीबाहेर उभे राहिले, पुन्हा ठोका द्यायला लावला, भांड्यातली लघवी बघितली, आणि म्हणाले, "थोड़ा ठहरो." थांबलो. गुडघा पुन्हा नीट उडू लागला तेव्हा सुई दिली. त्या थांबण्याच्या वेळात मी कॅल्शियमची कुपी मुठीत घेऊन बसलो होतो. रहमतबीने फटीतून माझा हात पाहिला. "कंपौंडरभाऊ, तुझाच गुडघा उडून राहिला बघ. बस खाली."

सखूबाईला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं.

रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. गुडघा उडत राहिला. सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून रहमतबीने पाणमोट फोडली, कळा सुरू झाल्या, आणि तिने हुकूम सोडला, "गाडीत बाळंतपण माझ्यानं व्हायचं न्हाई. कंबर मोडली माझी. सखूबाई, उठा, घ्या तिला आत." तिने परवानगी मागितली असती तर सखूबाई नाही म्हणाली असती. रहमतबीने विचारलंच नाही. एका बाजूने धरलं आणि चालायला लागली. सखूबाई दुसऱ्या बाजूने चालली. खोली तीच होती.

मुलगी झाली. किडमिडी, पण रडली. बाळंतपणानंतरही एक-दोन दिवस झटक्यांची भीती असते, म्हणून सुया चालू ठेवल्या. मी रोज कावेरीला माझी बोटं दाखवायचो. पहिल्या दिवशी तिला नुसता हात दिसला. मग बोटं दिसू लागली. मग तिने मला विचारलं, "तुमच्या सदऱ्याला गुंडी काहून न्हाई?" तेव्हा डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं.

ह्या मिठाने सगळ्या वाचल्या असं मी लिहिणार नाही. ज्या झटके येऊन येऊन निपचित पडल्यावर आल्या त्यांतल्या काही गेल्या. काहींची लेकरं गेली. पण 'उशीर केलात' हे मी त्यानंतर कुणाला म्हणालो नाही. उशीर झालेला असला तरी नाही.

ते निघाले तेव्हा मारोतराव जू चढवत होते आणि कुरकुरत होते. वेचणी खोळंबली होती, घरी कापूस बोंडातून लोंबत होता.

"झटके तर आलेच न्हाईत," ते मला म्हणाले. "एक बी न्हाई. मंग येवढ्या सुया काहून टोचल्या पोरीला? चालवत न्हाई तिला धड."

मी समजवायला तोंड उघडलं. तेवढ्यात गाडीतून सखूबाई बोलली.

"येऊ नयेत, ह्याच्याचसाठी. आन् न्हाई आले."

मारोतरावांनी जूवर हात ठेवला. "म्हंजी, काईच झालं न्हाई म्हनून खूश व्हायचं?"

"व्हय," सखूबाई म्हणाली. "हाका आता गाडी."